गंज, मुलामा आणि मूळ रंग : जुन्या सायकलीचे पुनरुज्जीवन

जुन्या सायकलीचा मूळ रंग आणि मुलामा एकदा खरवडला की परत मिळत नाही. म्हणून झिजलेल्या भागांचे काम हाती घेताना प्रत्येक भागाचा धातू आणि त्यावरचा लेप आधी ओळखावा लागतो.

बारामती आणि इंदापूर हे पर्जन्यछायेतले तालुके. इथली कोरडी हवा लोखंडाला मानवते. कोकणाइतका गंज चढत नाही. पण १८८५ पासून वाहणाऱ्या नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यात उसाला पाणी देता देता बऱ्याच जमिनी खारवट झाल्या. असा चिखल मडगार्डच्या आतल्या कडेला बसला की ओल धरतो आणि क्षार गंजाला वेग देतात. वरून चांगले दिसणारे मडगार्ड आतून पोखरलेले निघते. त्यामुळे चाक काढून आतली बाजू आधी पाहावी.

अंबत्तूरच्या टीआय सायकल्सची हर्क्युलिस, सोनिपतची ॲटलस, आसनसोलची रॅले या २८ इंची काळ्या सायकलींवर हँडल, रिम आणि क्रँक क्रोमचे असत. क्रोमचा थर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असतो. गंज रोखण्याचे खरे काम त्याखालचे निकेल करते. वरवरचे ठिपके ॲल्युमिनियमच्या चुरगळलेल्या कागदाने पाणी लावून घासले तर निघतात, कारण ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ असते. पोपडे सुटले असतील तर जुना मुलामा उतरवून नव्याने चढवावा लागतो. क्रोमचा मुलामा १९२० च्या दशकाच्या अखेरीस व्यवहारात आला. त्याआधीच्या सायकलीला किंचित पिवळसर झाक असलेले निकेलच शोभते. क्रोम केल्यास तिचा काळच पुसला जातो. बिल्ला पितळी असेल तर चिंचेच्या कोळाने हलक्या हाताने घासून लगेच धुवावा.

छर्रे, कोन आणि कप यांना वेगळा नियम लागतो. कोनावर खड्डे पडले असतील तर पॉलिश करून उपयोग नाही. वरचा कठीण थर गेला की आतले मऊ पोलाद झपाट्याने झिजते. असा कोन बदलावाच लागतो. कडक पोलादाचे भाग आम्लात फार वेळ ठेवू नयेत. आम्लातून सुटलेला हायड्रोजन धातूत शिरतो आणि भाग ठिसूळ होतो.

सांगाड्याचा रंग शक्यतो राखावा. मळ सौम्य साबणाने काढून मेण लावले तर पुष्कळदा जुना काळा रंग पुन्हा उजळतो. रंग काढणे अटळच असेल तर सोनेरी रेघांची जाडी आणि जागा आधी ट्रेसिंग पेपरवर उतरवावी, अक्षरांची छायाचित्रे घ्यावीत. मग उघड्या लोखंडावर त्याच दिवशी रेड ऑक्साइड द्यावा, नाहीतर पुन्हा गंज धरतो. वर पातळ थरांत काळा रंग द्यावा. कोरलेला क्रमांक लांबी किंवा रंगाखाली बुजू देऊ नये; सायकलीची ओळख पटवायला तोच उपयोगी पडतो.

शेवटी सुटे भाग जोडताना आट्यांना ग्रीस लावावे आणि मडगार्डच्या आतल्या बाजूला तेलाचा हात फिरवावा.