विजेच्या सायकलीचा वाली कोण?

बुलढाण्याहून मोताळ्याकडे जाणारा रस्ता गाव मागे पडताच राजूर घाटात उतरू लागतो. वर अजिंठ्याच्या डोंगररांगेचे पठार, खाली पूर्णेचे खोरे. या घाटात सायकलस्वार चढताना पायउतार होऊन सायकल ढकलीत आला आणि उतरताना दोन्ही ब्रेक आवळून जपून उतरत आला. चढणीची ही दमछाक वाचविणारे साधन आता बाजारात सहज मिळते. चाकात बसणारी विजेची मोटार, तिला हुकमात ठेवणारा कंट्रोलर, मुठीतला ॲक्सिलरेटर, बॅटरी आणि चार्जर असा सारा सरंजाम एका खोक्यातून घरपोच येतो. त्याला 'किट' म्हणतात. गल्लीतल्या सायकल दुरुस्तीवाल्याच्या मदतीने अर्ध्या दिवसात जुनी सायकल विजेवर धावू लागते.

या साधनाला नाक मुरडण्याचे कारण नाही. २०२१ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात पेट्रोलने लिटरमागे शंभरी ओलांडली आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरअखेर सुरू झालेला एसटी कर्मचाऱ्यांचा संप २०२२ च्या एप्रिलपर्यंत चालला. ज्या शिक्षकाची शाळा दहा मैलांवरच्या खेड्यात आहे, ज्या विद्यार्थ्याला तालुक्याच्या महाविद्यालयात पोहोचायचे आहे, त्याला त्या दिवसांनी स्वतःच्या वाहनाची किंमत शिकविली. स्कूटरच्या तुलनेत पुष्कळ कमी पैशांत हे वाहन मिळत असेल तर माणसे ते घेणारच. प्रश्न एवढाच, की असे वाहन तयार झाल्यावर त्याच्या सुरक्षिततेची हमी कोणी घ्यायची?

सायकल एकाची, मोटार दुसऱ्याची, बॅटरी तिसऱ्याने जुळविलेली आणि जोडणी करणारा चौथाच. यातला प्रत्येक भाग आपल्यापुरता निर्दोष असेलही. दोष दडलेला असतो तो सांध्यांत. मुठीतल्या ॲक्सिलरेटरचेच पाहा. त्याला तीन तारा असतात. त्यांतली परतीची काळी तार आतल्या आत तुटली, तर साध्या बनावटीच्या कंट्रोलरला मूठ पूर्ण पिळल्याचाच संकेत मिळू शकतो आणि स्वाराने हात सैल सोडला तरी सायकल पुढे झेपावते. ही तार तुटायला फार काही लागत नाही. हँडल वळताना ती रोज थोडी थोडी दुमडली जाते आणि पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल तिच्या जोडात शिरतो. ब्रेकचा दांडा दाबताच मोटारीचा वीजपुरवठा तोडणारी कळ बहुतेक किटांबरोबर येते. पण जुन्या सायकलीवर ती नीट बसत नाही म्हणून ती खोक्यातच राहून जाते. मोटारीच्या दांड्याचेही तसेच. मोटार चाकाला ज्या जोराने पुढे फिरविते, त्याच जोराने तिचा दांडा चिमट्याच्या खाचेत उलट फिरू पाहतो. साधी सायकल या जोरासाठी घडविलेलीच नाही. दांडा रोखून धरणारी पोलादी पट्टी लावली नाही, तर नट सैल होतात आणि एखाद्या दिवशी दांडा गरकन फिरून तारा पिळून तोडतो. हे पुढच्या चाकात घडले तर स्वार सरळ तोंडावर आपटतो.

ब्रेकचा हिशेब शाळेत शिकलेलाच आहे. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी २५ किलोमीटरऐवजी ४५ च्या वेगाने येणारी सायकल थांबवायला ब्रेकच्या त्याच दोन रबरांना सव्वातीन पट काम करावे लागते. मोटार आली, वेग वाढला, बॅटरीचे ओझे वाढले. रबरे मात्र तीच राहिली. परदेशांत चाकांच्या फळीला, म्हणजे स्केटबोर्डला, असेच किट जोडतात. तिथे तर मोटार हाच ब्रेक असतो. कंट्रोलर बंद पडला की ब्रेकही गेला. शिवाय बॅटरी काठोकाठ भरलेली असेल, तर उतारावर उत्पन्न होणारी वीज साठवायला जागाच उरत नाही आणि हा ब्रेक दगा देऊ शकतो. मोटारीने ब्रेक लावणारी काही किटे सायकलीसाठीही मिळतात. रात्रभर चार्जिंग करून सकाळी पहिल्या मैलातच घाट उतरू लागणाऱ्या बुलढाणेकराने ही गोष्ट विसरून चालणार नाही.

पण खरे भय बॅटरीचे. पूर्वीच्या शिशाच्या बॅटऱ्या जड होत्या, लवकर दमत होत्या. लिथियमच्या बॅटऱ्या हलक्या आणि दमदार, मात्र चुकीच्या वागणुकीला क्षमा न करणाऱ्या. ४८ व्होल्टच्या नेहमीच्या लिथियम बॅटरीची चार्जिंगची मर्यादा ५४.६ व्होल्ट, तेवढ्याच नावाच्या शिशाच्या बॅटरीचा चार्जर मात्र ५८ व्होल्टच्या आसपास जातो. दोन्हींची पिन पुष्कळदा सारखीच. जुनी बॅटरी गेली म्हणून नवी लिथियमची आणली आणि चार्जर जुनाच ठेवला, तर मधे रक्षक म्हणून उरते ती केवळ बॅटरीतली एक छोटी विद्युत-पट्टी. स्वस्त बॅटरीत तीही यथातथाच. त्यात मलकापूर, नांदुरा, खामगाव या भागांतला मे महिन्याचा उन्हाळा! या बॅटऱ्या ४५ अंशांच्या वर चार्ज करू नयेत असे त्या बनविणारेच सहसा सांगतात, आणि उन्हातून आलेली सायकल पत्र्याच्या छपराखाली लगेच चार्जिंगला लावली तर ती मर्यादा केव्हाच मागे पडते.

कारखान्यात तयार झालेली वाहनेही या संकटातून सुटलेली नाहीत. मार्च २०२२ मध्ये वेल्लोर येथे घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरने पेट घेतला आणि धुराने गुदमरून बाप-लेक दगावले. एप्रिलमध्ये नाशिकजवळ नव्याकोऱ्या स्कूटर घेऊन निघालेल्या कंटेनरमध्येच आग लागून वीस स्कूटर जळाल्या. सप्टेंबरमध्ये वसईत बॅटरीचा स्फोट होऊन भाजलेला सात वर्षांचा मुलगा पुढे मरण पावला. त्यानंतर केंद्राने बॅटरीचे नियम कडक केले आणि १ डिसेंबर २०२२ पासून ते टप्प्याटप्प्याने लागू झाले. मात्र ते मोटारवाहन म्हणून गणल्या जाणाऱ्या दुचाकींना लागू आहेत. पाव किलोवॅटहून कमी शक्तीची मोटार, ताशी २५ किलोमीटरला तुटणारा जोर आणि बॅटरी वगळून ६० किलोंपर्यंत वजन अशी पायडलची सायकल नियमांच्या दृष्टीने मोटारवाहनच नव्हे. तिला नोंदणी नको, परवाना नको. योग्य ब्रेक आणि पुढे-मागे परावर्तक असावेत, एवढी अपेक्षा त्या नियमात आहे. पण ते आहेत की नाहीत हे कधी, कुठे आणि कोणी पाहायचे?

ही सवलत गरिबाच्या सोयीसाठी आहे आणि ती काढून घ्यावी असे कोणी म्हणणार नाही. मात्र तिच्या आडोशाने मर्यादेच्या कितीतरी पट शक्तीची किटे विकली जातात. अशी मोटार बसविताच ती सायकल कायद्याच्या दृष्टीने विनानोंदणी मोटारवाहन ठरते, हे विक्रेता सांगत नाही आणि ग्राहकाला अपघातानंतर विम्याच्या प्रश्नावर कळते. मे २०२२ मध्ये राज्याच्या परिवहन खात्याने बेकायदा फेरफार केलेल्या ई-बाइकविरुद्ध मोहीम काढली होती. तिचा रोख शक्ती आणि वेग वाढविलेल्या गाड्यांवर होता. सैल नट आणि चुकीचा चार्जर अशा मोहिमेत सापडत नाहीत. याउलट मोटारसायकलीला विजेचे किट बसवायचे असेल तर ते किट मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासलेले असावे लागते आणि बदलाची नोंद परिवहन कार्यालयात करावी लागते. म्हणजे तपासणीची कल्पना शासनाला अपरिचित नाही. सायकलीपर्यंत ती पोहोचलेली नाही इतकेच.

न्यूयॉर्क शहरात २०२३ या एका वर्षात लिथियम बॅटरीच्या आगींत अठरा माणसे मेली. तिथल्या नगरपालिकेने त्याच वर्षीच्या सप्टेंबरपासून असा दंडक घातला की मोटार, बॅटरी, चार्जर आणि जोडणी या सर्वांची एकत्रित चाचणी झालेली विजेची सायकलच शहरात विकता येईल. सुटा भाग उत्तम असून भागत नाही, ही गोष्ट तिथे जीव गेल्यावर कायद्यात आली.

बुलढाणा जिल्ह्याला न्यूयॉर्कच्या प्रयोगशाळा नकोत. तालुक्यांच्या ठिकाणी औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत, त्यांत तारतंत्री व वीजतंत्री शिकणारी मुले आहेत, मल्टिमीटर आहेत. महिन्यातून एक दिवस या संस्थांनी किटाच्या सायकली नाममात्र शुल्कात तपासून द्याव्यात. दांड्याची पट्टी, ब्रेकची कळ, ॲक्सिलरेटरच्या तारा आणि चार्जरचे व्होल्ट पाहायला एका सायकलीमागे वीस मिनिटे पुरतील. महाविद्यालयांच्या सायकल-तळावरही हे करता येईल. विक्रेत्याने पावतीवर मोटारीची शक्ती आणि बॅटरीला योग्य असा चार्जर स्पष्ट लिहून द्यावा, असा आग्रह ग्राहकानेच धरला पाहिजे. लिहून द्यायला जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडून खोके घेऊ नये. आणि तपासणी होईपर्यंत बॅटरी निजायच्या खोलीत किंवा घराच्या एकुलत्या एका दारापाशी चार्जिंगला लावू नये. वेल्लोरच्या त्या घरातील दोघांचे प्राण ज्वाळांनी नव्हे, धुराने घेतले होते.