डेथ व्हॅलीचे ऊन

वाळवंट म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वाळूच्या टेकड्या आणि उंटांचा तांडा उभा राहतो. आज मी ज्या वाळवंटाविषयी बोलणार आहे, तेथे वाळूच्या टेकड्यांनी एकशतांशही जमीन व्यापलेली नाही. बाकी सारे खडक, दगडगोटे, चिखलाची वाळलेली मैदाने आणि मीठ. हे ठिकाण अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याच्या पूर्व अंगाला आहे व त्याचा थोडा भाग शेजारच्या नेवाडा राज्यात जातो. त्याचे नाव डेथ व्हॅली, म्हणजे मृत्यूचे खोरे. १९३३ साली ते राष्ट्रीय स्मारक म्हणून राखून ठेवण्यात आले आणि १९९४ साली त्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. उद्यान म्हणजे बागबगीचा समजू नये. साडेतेरा हजार चौरस किलोमीटरांहून मोठा असा तो उजाड मुलूख आहे.

एखादा कामगार संघटनेचा कार्यकर्ता या विषयाकडे कसा वळला, असे कोणी विचारील. माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे सारे वाचनालयात झाले. दगडखाणी आणि बांधकाम यांतील मजुरांमध्ये मी तीस वर्षे काम करीत आलो. या लोकांचा दगडाशी आणि उन्हाशी रोजचा संबंध. तेव्हा दगड कसा झाला आणि ऊन कसे लागते, हे दोन प्रश्न मला पुस्तकांपर्यंत घेऊन गेले, आणि दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच ठिकाणी स्पष्ट मिळतील असे ठिकाण म्हणजे हे खोरे, असे मला आढळले. मी तेथे गेलेलो नाही. नकाशे व तज्ज्ञांची पुस्तके यांच्या आधारे बोलणार आहे.

प्रथम जमिनीचा आकार ध्यानात घेऊ. हे खोरे सुमारे २२५ किलोमीटर लांब आणि ८ ते २४ किलोमीटर रुंद आहे. त्यातील बॅडवॉटर नावाचा सखल भाग समुद्रसपाटीपेक्षा ८६ मीटर खाली आहे. तेथून पश्चिमेकडे मान वर केली की टेलिस्कोप पीक हे शिखर दिसते. त्याची उंची ३,३६६ मीटर. म्हणजे सुमारे पंचवीस किलोमीटरांच्या आडव्या अंतरात जमीन जवळजवळ साडेतीन हजार मीटर चढते. आपले कळसूबाई १,६४६ मीटर. एकावर एक दोन कळसूबाई ठेवल्या तरी ही भिंत त्यांहून उंच राहील.

असला खड्डा पडला कसा? नदीने तो कोरलेला नाही. आपल्या दख्खनची जमीन लाव्ह्याचे थरावर थर साचून, भाकरींची चवड रचावी तशी तयार झाली. तिला सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षे झाली, आणि सह्याद्रीच्या कड्यांत ते आडवे थर आजही मोजता येतात. डेथ व्हॅलीचा प्रकार वेगळा आहे. तेथे पृथ्वीचे कवच पूर्व-पश्चिम ताणले जात आहे. गवंड्याला हे चटकन समजेल. कमानीचे दोन्ही बाजूंचे खांब जरासे बाहेर सरकले की मधला दगड खाली बसतो. येथेही तसेच घडले. कवचाला लांबच लांब भेगा पडल्या, दोन्ही बाजूंचे डोंगर वर उचलले गेले आणि मधला पट्टा खचला. या भेगांना भूगर्भशास्त्रात प्रस्तरभंग म्हणतात. आजचे खोरे गेल्या तीस-चाळीस लाख वर्षांतले, म्हणजे पृथ्वीच्या हिशेबाने कालचे, पण त्याच्या पूर्वेकडील ब्लॅक माउंटन्स या डोंगरांत उघडे पडलेले काही खडक एकशे सत्तर कोटी वर्षांचे आहेत. खचण्याची क्रिया थांबलेली नाही. डोंगरांतून वाहून येणारा गाळ खड्डा भरीत असतो आणि खड्डा खाली जात असतो. मूळ खडक त्या गाळाखाली हजारो फूट खोल गेला आहे.

हा गाळ येतो कसा, तेही पाहण्यासारखे आहे. वर्षात पाऊस सरासरी दोन इंच, पण पडला की एकदम कोसळतो. झाड नाही, माती नाही, त्यामुळे पाणी मुरत नाही. ते दगडगोट्यांसह घळीतून सुटते आणि घळीच्या तोंडाशी पसरलेल्या पंख्यासारखा ढीग टाकते. डोंगरांच्या पायथ्याशी असे पंखे एकाला एक लागून आहेत. २० ऑगस्ट २०२३ रोजी हिलरी नावाच्या वादळाचा पाऊस तेथे पोचला आणि एका दिवसात सव्वादोन इंचांच्या आसपास पाणी पडले. वर्षाचा पाऊस एका दिवसात! रस्ते वाहून गेले, उद्यान सुमारे दोन महिने बंद ठेवावे लागले, आणि बॅडवॉटरच्या मिठावर उथळ सरोवर उभे राहिले. हिमयुगात तर येथे खरोखरीचे सरोवर होते, शंभर किलोमीटरांहून लांब आणि सुमारे १८० मीटर खोल. त्याच्या लाटांनी कोरलेल्या पायऱ्या एका टेकडीच्या अंगावर अजून दिसतात. खोऱ्याला बाहेर जायला वाट नसल्यामुळे पाणी आटत गेले आणि क्षार मागे राहिले. तेच आजचे मिठाचे मैदान.

दोन चमत्कारांचा उल्लेख ओझरता करतो. उत्तरेस उबेहेबे नावाचे प्रचंड विवर आहे. वर चढणारा शिलारस भूजलाला भिडला आणि वाफेच्या स्फोटाने जमीन उडाली. दुसरे म्हणजे रेसट्रॅक हे सपाट मैदान. तेथे मोठाले दगड आपल्यामागे चर उमटवीत सरकलेले दिसतात. याला लोक भुताटकी म्हणत. २०१४ साली संशोधकांनी त्याचा उलगडा प्रसिद्ध केला. हिवाळ्यात साचलेल्या उथळ पाण्यावर रात्री बर्फाचा पातळ पापुद्रा धरतो, सकाळी तो फुटतो, आणि मंद वाऱ्याने सरकणारे त्याचे तुकडे दगडांना ढकलतात.

आता उन्हाकडे वळू. पाऊस इतका कमी का? सातारा जिल्ह्यातील मंडळींना याचे उत्तर घरबसल्या ठाऊक आहे. महाबळेश्वरला दोनशे इंचांहून अधिक पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यातील माण-खटावात वीस इंचांची मारामार. डोंगर ढगांना पिळून घेतो आणि पलीकडे कोरडी हवा सोडतो. आपल्याकडे एक सह्याद्री आहे. डेथ व्हॅली आणि पॅसिफिक महासागर यांच्यामध्ये अशा चार रांगा एकामागून एक उभ्या आहेत.

हवा कोरडी, म्हणून आकाश निरभ्र. हिरवळ नाही, म्हणून सारे ऊन खडकावर. खडक तापतो, त्याला चिकटलेली हवा तापते व वर चढते. उघड्या मैदानावर ती निघून गेली असती. येथे उंच भिंती तिला कोंडतात. ती वर जाऊन थोडी निवते आणि पुन्हा खोऱ्यात उतरते. उतरताना हवा दाबली जाते आणि दाबलेली हवा तापते, हे सायकलचा पंप मारणाऱ्या प्रत्येकाने हाताला अनुभवलेले आहे. कोरडी हवा दर किलोमीटर उतरणीला सुमारे दहा अंश सेल्सिअसने तापते. म्हणजे हा खड्डा एक भट्टीच आहे, आणि तिची बांधणी भूगर्भाने केली आहे. सूर्य राजस्थानवर तळपतो तोच येथे तळपतो. फरक जमिनीच्या घडणीचा आहे.

१० जुलै १९१३ रोजी येथील फर्नेस क्रीक येथे ५६.७ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. जगातील सर्वांत उच्च तापमान म्हणून जागतिक हवामान संघटना आजही तीच नोंद मानते, जरी काही हवामानतज्ज्ञ तिच्याविषयी शंका घेतात. २०२० च्या ऑगस्टात आणि २०२१ च्या जुलैत आधुनिक यंत्रांनी ५४.४ अंश दाखविले. हे सावलीतल्या हवेचे तापमान. १५ जुलै १९७२ रोजी जमिनीचे तापमान ९३.९ अंश नोंदले गेले होते. पाणी उकळायला सहाच अंश कमी. जुलै २०२४ मध्ये तेथे उन्हाने एक मोटारसायकलस्वार दगावला, आणि त्या वेळी हवा तापून इतकी विरळ झाली होती की वैद्यकीय मदतीचे हेलिकॉप्टर येऊ शकले नाही.

माणसाच्या शरीरात काय होते? अवजड काम करणाऱ्याच्या अंगात तासाला चारशे किलोकॅलरींच्या आसपास उष्णता निर्माण होते. ती बाहेर टाकली नाही तर माणूस जगणार नाही. हवा त्वचेपेक्षा गार असेल तर उष्णता हवेत जाते. हवाच जास्त तापलेली असेल तर एकच दार उरते, घामाचे. एक लिटर घाम अंगावर वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. मात्र तो वाळला पाहिजे, निथळून उपयोग नाही. म्हणून नुसते तापमान सांगणे अपुरे आहे. तापमापकाच्या गोळीला ओले फडके गुंडाळले की घाम वाळून शरीर किती निवू शकेल याचा अंदाज येतो. ५० अंश तापमान आणि दहा टक्के आर्द्रता असेल तर ओला तापमापक २४-२५ अंश दाखवील. मुंबईत ३४ अंश आणि सत्तर टक्के आर्द्रता असेल तर तोच २९ दाखवील. वाळवंटात घाम दिसण्यापूर्वीच वाळतो, त्यामुळे अंगातले पाणी संपत आले हे माणसाच्या लक्षात येत नाही. दमट गावात घाम दिसतो पण वाळत नाही. दोन्हीकडे माणूस मरू शकतो, वाटा मात्र निराळ्या.

या खोऱ्यात माणूस राहतच नव्हता असे नाही. टिंबिशा शोशोनी हे लोक शतकानुशतके तेथे राहत आले. हिवाळ्यात ते खाली झऱ्यांजवळ राहत, उन्हाळ्यात डोंगरावर जात. मेस्क्वीटच्या शेंगा खाली, चिलगोज्यासारख्या बिया वर. त्यांचे पंचांग उन्हाने ठरविलेले होते. 'मृत्यूचे खोरे' हे नाव १८४९-५० च्या हिवाळ्यात सोन्याच्या शोधात वाट चुकलेल्या एका तांड्याने दिले. त्या तांड्यातील एकच माणूस खोऱ्यात मेल्याची नोंद आहे. ज्यांची ती जन्मभूमी, त्यांना हे नाव पसंत नव्हते. २००० साली अमेरिकेच्या कायद्याने त्यांना त्यांच्या भूमीचा काही भाग परत मिळाला.

सोने शोधणाऱ्यांमागून आले ते टाकणखाराचे व्यापारी. टाकणखार आपल्या सोनाराच्या पेटीत असतो. दागिन्याला डाग देताना तो लागतो. कॅरमवर टाकायची बोरिक पावडरही त्याच्यापासूनच होते. डेथ व्हॅलीच्या मिठावर त्याचा कच्चा क्षार कापसाच्या बोंडांसारख्या गोळ्यांनी पसरलेला होता. १८८३ साली विल्यम कोलमन यांचा हार्मनी बोरॅक्स कारखाना तेथे सुरू झाला. चाळीस माणसे दिवसाला तीन टन टाकणखार काढीत. मिठावरचे गोळे खरवडून गोळा करण्याचे काम चिनी मजुरांकडे होते. १८८२ सालीच अमेरिकेने चिनी मजुरांना देशात येण्यास बंदी करणारा कायदा केला होता. आधीच आलेल्यांनी कोणते काम पत्करले असेल याची कल्पना करता येते. तयार माल वीस जनावरे जुंपलेल्या गाड्यांतून २६५ किलोमीटर दूर मोहावीच्या रेल्वेस्टेशनावर जाई. एका खेपेला दहा दिवस लागत. या गाड्या पुढे जाहिरातीत गाजल्या आणि खेचरांचे चित्र डब्यावर छापले गेले. गोळे खरवडणारा डब्यावर आला नाही.

या कारखान्यासंबंधीची एक गोष्ट मी मुद्दाम शेवटी ठेवली आहे. भर उन्हाळ्यात तो बंद असे आणि माणसे दुसऱ्या, जरा कमी तापणाऱ्या जागी हलविली जात. मालकाला मजुरांची दया आली असावी असे वाटेल. नोंदलेले कारण निराळे आहे. उकळून काढलेला द्राव हौदांत निवून त्याचे स्फटिक धरावे लागतात. उन्हाळ्यात तो पुरेसा निवेनाच. टाकणखार जमेना, म्हणून काम थांबले.

आपल्या सूतगिरण्यांत आणि मागाच्या खात्यांत याच्याच उलट प्रकार होता. कोरड्या हवेत सूत तुटते, म्हणून खात्यात मुद्दाम ओलावा सोडीत. सुताला तो मानवला, माणसाचा घाम वाळेना. म्हणूनच १९४८ च्या कारखाना कायद्यात अशा कृत्रिम ओलाव्याला मर्यादा घालण्याची तरतूद करावी लागली. म्हणजे टाकणखाराची सोय पाहिली गेली, सुताची सोय पाहिली गेली. माणसाची सोय पाहायला कायदा लागला. कॅलिफोर्नियातही तसेच झाले. शेतमजूर उन्हाने दगावल्यावर २००५ साली तेथे नियम झाला की उघड्यावर काम करणाऱ्याला तासाला सुमारे एक लिटर पिण्याचे पाणी, सावली आणि विश्रांती मिळालीच पाहिजे. उघड्यावरच्या कामगारांसाठी असा नियम करणारे ते त्या देशातील पहिले राज्य.

डेथ व्हॅलीचे ऊन कमी करणे कोणाच्या हाती नाही. डोंगर हलत नाहीत. पण काम केव्हा थांबवायचे हे डोंगर ठरवीत नाहीत, ते माणसे ठरवितात. म्हणून आपल्या गावापुरती माझी एक साधी सूचना आहे. जेथे स्लॅब पडतो, खडी फुटते किंवा रस्त्यावर डांबर ओतले जाते, तेथे एक कोरडा आणि एक ओला असे दोन तापमापक टांगावेत, त्यांचे आकडे रोज दुपारी फळ्यावर लिहावेत, आणि कोणत्या आकड्याला काम थांबेल हे उन्हाळा लागण्यापूर्वीच मजूर व कंत्राटदार यांनी एकत्र बसून ठरवावे. या कामी लागणारा खर्च सिमेंटच्या दोन-चार गोण्यांहून अधिक नाही.