हजार संगणकांची तालीम एका संगणकात

‘माझे फोटो क्लाउडवर आहेत’ असं आपले विद्यार्थी सहज म्हणतात. हा क्लाउड आकाशात नसतो, कुठल्यातरी इमारतीत कपाटांमध्ये रचून ठेवलेल्या हजारो संगणकांचा तो बनलेला असतो, हेही आता बऱ्याच जणांना माहीत असतं. पण कोणाचं काम त्यांतल्या कोणत्या संगणकावर चालवायचं, कोणाला किती जागा द्यायची, काम संपल्यावर ती परत कशी घ्यायची, हे कोण ठरवतं? तिथे कोणी माणूस वही घेऊन बसलेला नसतो. ते काम एक आज्ञावली करते. आम्ही हे वर्गात सांगत असताना अकरावीतल्या एका मुलीनं विचारलं, “मग ही आज्ञावली लिहिणाऱ्यांच्या घरी हजार संगणक असतात का?”

आम्हाला उत्तर माहीत नव्हतं. ते शोधता शोधता आम्ही बरंच शिकलो आणि एक मोठी चूकही केली. दोन्ही इथे सांगत आहोत.

अशा आज्ञावल्यांपैकी आम्ही ओपनस्टॅक निवडली, कारण ती मुक्त आहे. तिचा मूळ मजकूर कोणालाही फुकट उतरवून घेता येतो, वाचता येतो, बदलता येतो. २०१० साली अमेरिकेतली नासा ही अवकाशसंस्था आणि रॅकस्पेस ही कंपनी यांनी मिळून तिची सुरुवात केली. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत ती २०१३ पासून वापरात आहे. ती मुख्यतः पायथॉन भाषेत लिहिलेली आहे, आणि पायथॉन आता बऱ्याच शाळांमधूनही शिकवतात.

समजा, एखाद्या संशोधकाला चार गीगाबाइट स्मृतीचा संगणक तीन तासांसाठी हवा आहे. त्याला अख्खा संगणक कोणी देत नाही. मोठ्या संगणकाची थोडी स्मृती आणि थोडी प्रक्रियाशक्ती वेगळी काढून, तोच जणू स्वतंत्र संगणक आहे असं भासवलं जातं. हा झाला आभासी संगणक. मागणी आली की ओपनस्टॅकचा कीस्टोन नावाचा भाग मागणाऱ्याची ओळख तपासतो. नोव्हा मागणी नोंदवून घेतो. कुठे किती जागा रिकामी आहे याचा हिशेब प्लेसमेंटकडे असतो, त्यावरून यजमान संगणक निवडला जातो. ग्लान्सकडे ऑपरेटिंग सिस्टिमचे तयार साचे असतात, त्यांतला हवा तो मिळतो. न्यूट्रॉन जाळ्यातला पत्ता देतो. (भौतिकशास्त्राच्या शिक्षकांना गंमत वाटेल. या न्यूट्रॉनचं आधीचं नाव क्वांटम होतं, ट्रेडमार्कच्या अडचणीमुळे २०१३ साली ते बदलावं लागलं!)

हे सगळे भाग वेगवेगळ्या आज्ञावल्या आहेत आणि त्या एकमेकींना निरोप पाठवून काम करतात. काही निरोप जाळ्यावरून थेट जातात. काही रॅबिटएमक्यू नावाच्या टपालपेटीत पडतात, तिथून ज्याचा त्यानं उचलायचा. निरोप वाचणारा शेजारच्या इमारतीत आहे की आपल्याच संगणकात, याच्याशी पाठवणाऱ्याला काही देणंघेणं नसतं. मुलीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे. सगळे भाग एकाच संगणकात बसवले, तरी ते दूर असल्यासारखेच वागतात.

मात्र एवढे भाग हातानं बसवायचे तर कित्येक दिवस जातील. म्हणून ओपनस्टॅकवर काम करणाऱ्यांनीच डेव्हस्टॅक नावाचा आज्ञांचा संच तयार केला आहे. लिनक्सवर ‘स्टॅक’ नावाचा वेगळा वापरकर्ता तयार करायचा, डेव्हस्टॅक उतरवून घ्यायचं, एका छोट्या फाइलमध्ये चार सांकेतिक शब्द लिहायचे आणि एक आज्ञा द्यायची. पुढचं सगळं ती आज्ञा करते. भागांचे मूळ मजकूर आणते, माहितीसाठा उभा करते, सेवा सुरू करते. माहितीपत्रक म्हणतं, पंधरा ते तीस मिनिटं. आम्हाला दीड तास लागला, कारण आमची इंटरनेटची लाइन.

आता चुकीबद्दल. डेव्हस्टॅक तुमच्या संगणकात मोठे बदल करतं, ते फक्त त्याच कामासाठी ठेवलेल्या संगणकावर किंवा आभासी संगणकावर चालवा, असा इशारा सूचनांमध्ये सुरुवातीलाच दिला आहे. आम्ही तो वाचला आणि पुढे गेलो. शाळेत लिनक्स असलेला एकच बऱ्यापैकी ताकदीचा संगणक होता. त्याच्यावर चाचण्यांचे गुण नोंदवण्याची आज्ञावली होती, आणि ते गुण मायएस्क्यूएल या माहितीसाठ्यात होते. डेव्हस्टॅकही मायएस्क्यूएलच वापरतं. त्यानं मुख्य वापरकर्त्याचा सांकेतिक शब्द बदलला आणि गुणांची आज्ञावली उघडेना. आम्ही घाबरलो आणि केलेलं पुसून टाकावं म्हणून डेव्हस्टॅकचीच सफाईची आज्ञा दिली. ही आज्ञा मायएस्क्यूएल मुळासकट काढते, त्यात साठवलेल्या माहितीसकट. मागच्या आठवड्याची प्रत पेनड्राइव्हवर होती म्हणून निभावलं. मधल्या आठवड्याचे गुण दोन सहकाऱ्यांनी कागदी नोंदवहीवरून पुन्हा भरले, आणि त्या काळात आमच्याशी ते जरा कमीच बोलत होते.

दुसऱ्या वेळी आम्ही सरळ वागलो. व्हर्च्युअलबॉक्सनं एक आभासी संगणक तयार केला, त्याला आठ गीगाबाइट स्मृती दिली, त्यात कोरी उबुंटू बसवली आणि त्या अवस्थेचा ‘स्नॅपशॉट’ घेतला. मग डेव्हस्टॅक. काही बिघडलं की स्नॅपशॉटवर परत यायचं. त्यानंतर आम्ही ते सहा वेळा मोडलं आणि कोणाचं काही गेलं नाही. रसायनशास्त्राचा प्रयोग आपण मुख्याध्यापकांच्या टेबलावर करत नाही, हे आम्हाला संगणकाच्या बाबतीत उशिरा सुचलं.

अशा संगणकातल्या संगणकात आणखी एक संगणक चालवायचा म्हणजे तो फारच मंद चालणार. म्हणून डेव्हस्टॅकबरोबर सिरॉस नावाची सुमारे वीस मेगाबाइटची चिमुकली ऑपरेटिंग सिस्टिम येते. तिच्यानं उपयोगाचं काम होत नाही, पण संगणक सुरू झाला की नाही ते कळतं.

मजकूर बदलून पाहणं इथून सुरू होतं. सगळे मूळ मजकूर एका ठिकाणी ठेवलेले असतात. त्यात बदल करायचा आणि तेवढीच सेवा पुन्हा सुरू करायची, सगळं नव्यानं बसवावं लागत नाही. मुलीनं नोव्हामधला ‘योग्य यजमान सापडला नाही’ या अर्थाचा इंग्रजी संदेश शोधून तिथे मराठी वाक्य लिहिलं आणि नोव्हाच्या सेवा पुन्हा सुरू केल्या. मग आमच्या आठ गीगाबाइटच्या क्लाउडकडे सोळा गीगाबाइटचा संगणक मागितला. क्लाउडनं शुद्ध मराठीत नकार दिला. तिच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहून गुणांच्या नोंदवहीचं दुःख थोडं कमी झालं.

आणि हजार संगणक? नोव्हामध्ये ‘फेक’ म्हणजे खोटा चालक मिळतो. तो प्रत्यक्षात काहीच चालवत नाही. मागितलेला संगणक ‘सुरू झाला’ असं फक्त कळवतो. डेव्हस्टॅकच्या फाइलमध्ये असे किती खोटे यजमान हवेत ते लिहिता येतं. आम्ही दहा लिहिले. प्रत्येकानं आपल्याकडे एक हजार प्रक्रियक आणि आठ लाख मेगाबाइट स्मृती असल्याची थाप मारली! आलेली मागणी कोणाकडे द्यायची, हा नोव्हाचा निर्णय नीट होतो का, हे तपासायला अशा थापा पुरतात. जाळ्यातला बिघाड किंवा यजमान अचानक बंद पडल्यावर काय होतं ते मात्र त्यातून कळत नाही. त्यासाठी निदान दोन यजमान एकमेकांशी जोडावे लागतात.

ओपनस्टॅकमध्ये जगभरातून कोणीही बदल सुचवला की तो स्वीकारण्याआधी कोरे आभासी संगणक उभे केले जातात, त्यांवर डेव्हस्टॅक चालवून चाचण्या होतात आणि मग ते संगणक टाकून दिले जातात. यासाठी लागणारी जागा वेगवेगळ्या कंपन्या आणि संस्था आपापल्या क्लाउडमधून देणगी म्हणून देतात, आणि त्यांतले काही क्लाउड ओपनस्टॅकवरच चालतात. मुलीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “म्हणजे हजार संगणक असतात, पण घरी नसतात.”