घरी नेण्याआधी

“उद्या घरी न्या,” असे डॉक्टर सांगतात आणि खाटेभोवतीच्या मंडळींचे चेहरे उजळतात. मुंबईचा मुलगा उरलेली रजा मोजू लागतो, सूनबाई पिशव्या भरू लागतात. पण अर्धांगवायूच्या रोग्याला ज्या घरी न्यायचे, ते घर त्याच्यासाठी तयार आहे का, हा विचार कोणाच्या मनात आलेला नसतो!

आपल्या रत्नागिरीकडची घरे पाहा. पडवीवर चढायला जांभ्याच्या पायऱ्या, प्रत्येक दाराला उंबरठा, न्हाणीघर मागल्या अंगाला आणि पावसाळ्यात वाटेवर शेवाळ. धडधाकट माणूसही तिथे घसरतो. मग एक पाय ओढीत चालणाऱ्याची काय कथा? म्हणून रोगी इस्पितळात असतानाच घरी तयारी करावी. त्याची खाट न्हाणीघराजवळच्या खोलीत आणावी, उंबरठ्यावर फळीचा उतार करावा, भिंतीला धरायला दांडा ठोकावा, कमोडची खुर्ची आणून ठेवावी.

दुसरी तयारी शिकण्याची. निघण्यापूर्वी नर्सबाईंच्या देखत रोग्याची कूस बदलून पाहा. निजून असणाऱ्याला ती दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. लुळा हात धरून त्याला कधी ओढू नका, खांदा दुखावतो. गिळता नीट येते की नाही, हे तपासून घ्या. आपल्याकडे आजाऱ्याला हटकून पेज देतात. पण गिळण्यात दोष असेल, तर पातळ पेज श्वासनलिकेत उतरण्याची भीती असते. काय आणि किती दाट द्यायचे, ते डॉक्टरांना विचारा, आणि भरवताना नेहमी ताठ बसवा.

मग फिजिओथेरपिस्टची गरज उरत नाही काय? भारतातल्या १४ इस्पितळांतील १२५० रोग्यांची पाहणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. काहींच्या घरच्यांना व्यायाम करवून घेण्याचे खास शिक्षण दिले होते. सहा महिन्यांनंतर त्या रोग्यांत व इतरांत फरक दिसला नाही. तेव्हा तज्ज्ञाची पुढची तारीख घेतल्यावाचून इस्पितळ सोडू नका. आणि मामंजींचा हात उचलला जात नाही म्हणून सूनबाईंनी स्वतःला दोष देऊ नये.

वाचा गेली म्हणजे समज गेली, असे नव्हे. त्यांच्यासमोर त्यांच्याविषयी “यांना काही कळत नाही” असे बोलू नका. बरे वाटले म्हणून रक्तदाबाच्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. तोंड वाकडे झाले, हात गळाला, बोबडी वळली, तर सकाळची वाट न पाहता १०८ क्रमांक फिरवा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते.

शेवटची गोष्ट नाजूक आहे. मुंबईहून पैसे येतात, पण रात्री कूस बदलायला हात येत नाहीत. वर्षानुवर्षे एकाच बाईने जागायचे, हा न्याय नव्हे. दिवाळीला सगळी भावंडे घरी जमतील, तेव्हा फराळ झाल्यावर कॅलेंडर समोर घ्या आणि कोणी कोणत्या महिन्यात आठ दिवस येऊन राहायचे, ते लिहून टाका. वहिनींना त्याहून मोठी ओवाळणी नाही!