कांद्याची रोपं आडवी पडली, तर 'एन' किती?

पौडहून ताम्हिणीकडे जाल तसा पाऊस वाढत जातो. खरीप कांद्याचं बी मे-जूनमध्ये टाकायचं, आणि पुढे हाच पाऊस गादीवाफा झोडपून काढतो. म्हणून मुळशीत प्रयोगासाठी रोपं हवी असतील तर ती खोलीत, खिडकीशी, कोकोपीटच्या ट्रेमध्ये वाढवणं सोयीचं. मात्र खोलीच्या अडचणी वेगळ्या असतात.

समजा, पंधराव्या दिवशी रोपं आडवी झाली. लगेच बुरशीनाशक शोधू नका. वाकून बघा. कोकोपीटच्या पातळीला रोप पाणचट होऊन दोऱ्यासारखं बारीक झालंय, आणि पडझड एका जागेवरून पसरतेय? मग ही मर, बहुधा पिथियममुळे. पाणी जास्त होतंय. बुडखा धडधाकट, पण रोपं लांबुळकी, फिकट आणि सगळी खिडकीकडे कललेली? उजेड कमी पडतोय. आणि नुकतं उगवलेलं रोप गुडघ्यात दुमडल्यासारखं दिसत असेल तर काहीच बिघडलेलं नाही. कांदा असाच वर येतो, मग सरळ होतो.

आता खरा घोळ. घाबरून आपण पाणी कमी करतो, ट्रायकोडर्मा ओततो आणि दिवाही लावतो. रोपं सावरतात. कशामुळे? घरच्या कांद्यासाठी हा प्रश्न गौण आहे, प्रबंधासाठी तोच प्रश्न आहे.

म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदला. आठ ट्रे घ्या, चिठ्ठ्या टाकून चारांना वरून पाणी द्या, चारांना खालून. खिडकीजवळच्या ट्रेला जास्त उजेड मिळतो, तेव्हा रोज जागा फिरवा. मोजताना मात्र सावध राहा. एका ट्रेला ९८ कप्पे असतील तर चार ट्रेमध्ये ३९२ रोपं होतात, पण तुमचा 'एन' ३९२ नाही, ४ आहे. पाणी तुम्ही ट्रेला दिलंत, रोपाला नाही. शिवाय मर शेजारच्या रोपाला लागते, म्हणजे एकाच ट्रेमधली रोपं एकमेकांपासून स्वतंत्र नसतातच. परीक्षक इथेच बोट ठेवतात, आणि तेव्हा हंगाम संपलेला असतो.

दिव्याबद्दल एक सांगतो. आपल्याकडच्या जाती लहान दिवसाच्या. दिवा रात्रभर चालू ठेवलात तर रोप कोवळं असतानाच कांदा धरू शकतं. दिवसाला १०-१२ तास उजेड पुरे.

बियाणंही तपासून घ्या. कांद्याचं बी फार टिकत नाही, साध्या साठवणीत वर्षभरात उगवण घसरते. प्रमाणित बियाण्याची किमान उगवण ७० टक्के धरतात. ओल्या कागदात १०० बिया गुंडाळून बारा दिवसांनी मोजा, म्हणजे रिकाम्या कप्प्यांचा दोष पाण्यावर जाणार नाही. खरिपासाठी राजगुरुनगरच्या कांदा व लसूण संशोधन संचालनालयाच्या भीमा सुपर, भीमा राज या जाती आहेत. कुठलीही घ्या, पिशवीवरचा लॉट नंबर आणि चाचणीची तारीख त्याच दिवशी वहीत उतरवा. पिशव्या हरवतात.