जुन्या जीपची घरगुती निगा

अमेरिकन सैन्याला १९४० सालीं एक हलकी, चारहि चाकांना जोर मिळणारी गाडी हवी होती. बँटम, विलीज आणि फोर्ड या तीन कारखान्यांनीं तिचे नमुने तयार केले. अखेर विलीजचा आराखडा पसंत पडला आणि १९४१ पासून १९४५ पर्यंत विलीज व फोर्ड यांनीं मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बांधल्या. युद्ध संपल्यावर त्यांपैकीं कांहीं भारतांतच राहिल्या, आणि त्याच दशकाच्या अखेरीस मुंबईंत महिंद्र कंपनीनें विलीजच्या गाड्या जोडावयास प्रारंभ केला. त्या घराण्याची वंशावळ येथें पुढें अनेक दशकें चालली. त्यामुळें एखाद्या वाड्याच्या पडवींत, शेतावरच्या गोठ्याशेजारीं किंवा घाटमाथ्यावरच्या गांवीं जुनी जीप अजूनहि उभी दिसते, आणि तिचा मालक पाना हातांत घेऊन तिच्याखालीं आडवा झालेला असतो.

ही गाडी आंखतांनाच तिची दुरुस्ती उघड्यावर, थोड्या हत्यारांनिशीं आणि घाईंत होणार हें गृहीत धरलें होतें. अमेरिकेच्या युद्धखात्यानें फेब्रुवारी १९४४ मध्यें टीएम ९-८०३ या क्रमांकाचें जें मार्गदर्शक पुस्तक काढलें, तें गाडी वापरणाऱ्या सैनिकांसाठींच होतें, आणि घरीं काम करणाऱ्या मालकालाहि त्याच्याइतका भरंवशाचा सोबती क्वचितच मिळेल. पण या साधेपणांत एक धोका आहे. प्रत्येक नट हाताला येतो म्हणून सर्वच कामें सारख्या योग्यतेचीं वाटूं लागतात. तशीं तीं नाहींत. कांहीं कामें चुकलीं तर गाडी सुरू होत नाहीं. कांहीं चुकलीं तर ती थांबत नाहीं. घरगुती दुरुस्तींत पहिलें ओळखावयाचें तें हेंच.

चारहि चाकांना जोर कसा मिळतो तें आधीं समजलें पाहिजे, कारण पुष्कळ बिघाड केवळ या अज्ञानांतून उद्भवतात. इंजिनामागें क्लच, त्यामागें तीन गिअरांची पेटी आणि तिला जोडून ट्रान्स्फर केस नांवाची दुसरी पेटी असते. या दुसऱ्या पेटींतून एक दांडा मागच्या आंसाकडे व एक पुढच्या आंसाकडे जातो. एका दांडीनें पुढचा आंस जोडतां अगर सोडवितां येतो. दुसऱ्या दांडीनें वेग जवळजवळ निम्मा करून ओढ दुपटीच्या आसपास नेतां येते. मूळ विलीजमध्यें पुढचा आंस जोडल्याखेरीज ही दुसरी सोय मिळत नाहीं.

पुढचा आंस जोडला म्हणजे दोन्ही दांडे एकाच वेगानें फिरूं लागतात. वळणावर मात्र पुढच्या चाकांना मागच्या चाकांपेक्षां अधिक लांबीचा मार्ग कापावा लागतो. चिखलांत किंवा वाळूंत चाक थोडें घसरतें आणि ही तफावत मिटते. डांबरी रस्त्यावर चाक घसरावयास तयार नसतें. मग दांड्यांना पीळ बसतो, स्टिअरिंग जड होतें, आणि पुढचा आंस सोडवूं गेलें तर दांडी हलत नाहीं. अशा वेळीं हातोडा शोधूं नये. गाडी चार-पांच हात सरळ मागें घेतली कीं पीळ उतरतो व दांडी अलगद येते. पेटी बिघडली असें समजून खोलावयास निघालेल्या कित्येक मालकांचें काम एवढ्यानें भागलें असतें. कोरड्या डांबरी घाटांत ओढ वाढविण्यासाठीं पुढचा आंस जोडून उतरणें हेंहि याच कारणानें अयोग्य होय. तेथें तो सोडवूनच ठेवावा व गिअर खालचा घ्यावा.

या गाडीचा मोठा वैरी पाणी. ओढेनाले ओलांडतां यावेत म्हणूनच ती बाळगलेली असते, आणि तेथेंच ती आंतून नासते. चालून तापलेला आंस थंड पाण्यांत शिरला कीं त्याच्या पोटांतील हवा आकसते, आणि बाहेरचें पाणी ऑइल सीलच्या कडेनें आंत ओढलें जातें. हवेची ये-जा व्हावी म्हणून आंसावर एक बारीक छिद्राचा ब्रीदर असतो. तो चिखलानें बुजला असेल तर ही ओढ अधिकच वाढते. म्हणून पावसाळ्यापूर्वीं पहिला अर्धा तास त्या क्षुल्लक दिसणाऱ्या ब्रीदरच्या सफाईला द्यावा. मग गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळीं, ती सुरू करण्यापूर्वीं, आंसाचा तळचा प्लग किंचित् सैल करावा. पाणी तेलाहून जड असल्यामुळें तळाशीं बसतें व आधीं तेंच टपकतें. तेल दुधाळ निघालें तर पाणी त्यांत घुसळलें गेलें आहे असें समजावें. दोन्ही प्रसंगीं थेंबभर पाणी काढून प्लग पुन्हां आवळणें हा आत्मवंचनेचा प्रकार आहे. सबंध तेल बदललें पाहिजे.

तेल बदलण्यापूर्वीं मात्र वरचा, तेल भरावयाचा प्लग उघडतो कीं नाहीं तें पाहून घ्यावें. जुन्या गाडींत तो वर्षानुवर्षें हललेला नसतो. खालून तेल सोडून दिलें आणि वरचा प्लग गंजून बसलेला निघाला, तर गाडी कोरड्या दांत्यांनिशीं जागेवरच अडकते. गिअरपेटी व ट्रान्स्फर केस या दोहोंतील तेल वेगवेगळें तपासावें. दोन पेट्यांमधल्या वाटेनें एकीचें तेल दुसरींत उतरूं शकतें, आणि एक भरलेली दिसली म्हणून दुसरीहि भरलेली असेल असा भरंवसा नसतो.

पुढच्या चाकांपाशीं एक गोल, घुमटासारखा भाग असतो. चाकाला वळावयाचें असतें आणि त्याच वेळीं जोरहि घ्यावयाचा असतो, म्हणून त्या घुमटाच्या आंत एक सांधा बसविलेला असून तो वंगणांत बुडालेला असतो. घुमटाच्या कडेला फेल्टची पट्टी असते. ती झिजली कीं बाहेरून चिखल-पाणी आंत जातें. आंसाच्या आंतल्या टोकाचें ऑइल सील झिजलें कीं डिफरन्शिअलचें पातळ तेल घुमटांत येतें, आणि तेथून पुढें तें ब्रेकच्या अस्तरावर पसरतें. घुमटाखालीं तेलाचे ओघळ दिसले तर ते पुसून वरून ग्रीस भरण्याची पद्धत सर्वत्र आढळते. तिनें ओघळ चार दिवस लपतो, एवढेंच. सील स्वस्त असतें आणि त्यासाठीं करावा लागणारा खटाटोप मोठा असतो. आळस होतो तो या दुसऱ्या कारणानें.

चाक हलतें अशी शंका आली तर पुढचें चाक जॅकवर उचलून वर-खालीं धरून हलवावें, आणि त्याच वेळीं दुसऱ्या कोणी ब्रेक दाबावा. हालचाल थांबली तर दोष बेअरिंगचा; चालूच राहिली तर तो वळणाच्या खिळ्यांचा, म्हणजे किंगपिनचा. येथें आणखी एक गोष्ट ठाऊक असावी लागते. विलीजच्या डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात. ते उजवीकडे फिरविले म्हणजे सैल होतात. हें न जाणणारा मनुष्य पान्याला लोखंडी नळी लावून जोर करतो आणि बोल्ट तोडून बसतो.

जॅक लावण्यापूर्वीं हातब्रेकचें स्वरूप लक्षांत घेतलेंच पाहिजे, कारण येथें जिवाशीं गांठ असते. विलीजचा हातब्रेक चाकांपाशीं नसून ट्रान्स्फर केसच्या मागें, दांड्यावर असतो. मागचीं दोन्ही चाकें जमिनीवर टेकलेलीं असतात तोंवर तो गाडी धरतो. त्यांतलें एक उचललें कीं डिफरन्शिअलमुळें तें उचललेलें चाक मोकळें फिरूं शकतें, आणि हातब्रेक ओढलेला असूनहि गाडी उतारावर सरकते. म्हणून काम सपाट जागेवरच करावें, जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावावे आणि पुढचा आंस जोडून ठेवावा; तो जोडला म्हणजे पुढचीं चाकेंहि हातब्रेकच्या ताब्यांत येतात. गाडीखालीं शिरण्यापूर्वीं चौकटीखालीं भक्कम आधार द्यावा. नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखालीं कोणीं जाऊं नये, आणि विटांच्या चळतीवर तर मुळींच विसंबूं नये. वीट एकाएकीं फुटते.

आतां ब्रेकविषयीं. या गाड्यांचा पायब्रेक तेलाच्या दाबावर चालतो आणि चारहि चाकांना एकच मार्ग असतो. आधुनिक गाडींत हा मार्ग दुभंगलेला असल्यामुळें एक बाजू गेली तरी दुसरी उरते. जुन्या जीपमध्यें एका चाकाचा रबरी कप फुटला तर चारहि चाकांचा ब्रेक जातो. बोरघाटाच्या किंवा ताम्हिणीच्या उतारावर याचा अर्थ काय होतो तें सांगावयास नको. म्हणून इतर सर्व कामांत जी अर्धवट डागडुजी चालते, ती येथें वर्ज्य समजावी.

पेडल काय सांगतें तें ऐकावयास शिकणें ही निम्मी परीक्षा आहे. पेडल मऊ, स्पंजासारखें लागलें तर नळ्यांत हवा आहे. पहिल्या दाबाला खोल जाऊन लागोपाठ दुसऱ्या दाबाला वर येत असेल तर बहुधा ब्रेकशू ड्रमपासून दूर गेले आहेत आणि ते जवळ आणावयास हवेत. एकसारखा दाब दिला असतां पेडल हळूहळू तळाकडे बुडत असेल तर दाब कोठें तरी निसटतो आहे. एखाद्या चाकाच्या आंतल्या अंगाला ओल दिसली तर दोष तेथें. कोठेंच ओल नसेल तर मास्टर सिलिंडरचे कप झिजलेले समजावे. या शेवटच्या लक्षणाची गाडी रस्त्यावर नेऊं नये, बाजारापर्यंतहि नेऊं नये.

दुरुस्ती करतांना एका चाकाचा कप बदलून समोरच्या चाकाचा तसाच ठेवणें ही खोटी काटकसर होय. दोहोंचें वय एकच असतें. सिलिंडरच्या आंतल्या पृष्ठभागावर गंजाचे खळगे पडले असतील तर पॉलिश कागदानें घासून भागत नाहीं. सिलिंडरच नवा घ्यावा. लवचिक रबरी नळ्या बाहेरून चांगल्या दिसतात, परंतु आंतून फुगून त्यांचा मार्ग अरुंद होतो; मग पाय काढला तरी एखादें चाक धरलेलेंच राहतें व तापतें. जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असूं शकतें, म्हणून ड्रममधली धूळ फुंकूं नये. ओल्या फडक्यानें टिपून घ्यावी. ब्रेकचें तेल म्हणून इंजिनाचें किंवा दुसरें कोणतेंहि खनिज तेल घालणें हा तर अपघाताला दिलेला आमंत्रणाचा नारळ. त्यानें सर्व रबर फुगून निकामी होतें. आज मिळणारें ब्रेकचें नेहमींचें तेल हवेंतील ओलावा शोषतें. पाणी शोषलेलें तेल लांब उतारावर तापून उकळतें, नळींत वाफ होते, आणि पेडल एकाएकीं तळाला टेकतें. म्हणून साधारण दोन वर्षांनीं तें बदलावें, पावसाळी मुलखांत त्याहून लवकर.

हवा काढण्याचें काम दोघांचें आहे: एक पेडलपाशीं, दुसरा चाकापाशीं. मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकापासून सुरुवात करावी आणि टांकींतील तेल मधेंच संपूं देऊं नये. काम झाल्यावर एक पूर्ण मिनिट पेडल जोरानें दाबून ठेवावें व दुसऱ्यानें प्रत्येक सांधा कोरड्या बोटानें तपासावा. मग सपाट जागेवर पायीं चालण्याच्या वेगानें गाडी थांबवून पाहावी. ज्यानें हें काम पूर्वीं केलेलें नाहीं त्यानें पहिल्या खेपेस जाणत्या मिस्त्रीला शेजारीं उभें करावें. यांत कमीपणा कांहींच नाहीं.

इंजिनाची कथा त्या मानानें सोपी. युद्धकालीन विलीजच्या स्पार्क प्लगमधील अंतर इंचाचा ०.०३० भाग आणि पॉइंटांमधील अंतर ०.०२० भाग ठेवावें. ठिणगीचा क्रम १-३-४-२ असा आहे. त्या गाडीची वीज सहा व्होल्टची असल्यामुळें बॅटरीच्या तारा जाड असाव्या लागतात. मंद दिव्यांचा व आळशी स्टार्टरचा दोष बहुतेक वेळां बॅटरींत नसून गंजलेल्या अर्थच्या जोडांत सांपडतो. पेट्रोलची गोष्ट मात्र बदलली आहे. भारतांत २०२५ पर्यंत पेट्रोलमध्यें २० टक्के इथेनॉल मिसळण्याची मजल गांठली गेली, आणि जुन्या पंपाचा पडदा व जुन्या रबरी नळ्या त्या मिश्रणासाठीं बनविलेल्या नव्हत्या. त्या मऊ पडतात, झिरपतात, आणि खालीं तापलेली धुराची नळी असते. इथेनॉल सोसणाऱ्या नव्या नळ्या बसविणें हें येथील पहिलें काम. घाटांत उन्हानें तापून पंपांत पेट्रोलची वाफ झाली व गाडी बंद पडली, तर पंपावर ओलें फडकें ठेवून थांबावें. तापलेल्या इंजिनावर पेट्रोलची नळी सोडूं नये.

राहतां राहिला सांगाडा. युद्धकालीन जीपच्या पत्र्याच्या तळाखालीं पन्हळी असतात आणि त्यांत लाकडाचे ठोकळे बसविलेले असतात. लाकूड पाणी धरून ठेवतें, आणि वरून रंग चकचकीत असतांना पत्रा खालून कुजत जातो. कोंकणांतल्या गाडीचा तळ दर वर्षीं दसऱ्याच्या सुमारास टोंकदार टोचणीनें टोचून पाहावा. टोचणी सहज आंत गेली तर ठोकळा काढून, पत्रा कापून नवा जोडावा. नव्या ठोकळ्याला गरम जवसाचें तेल पाजून तो वाळवावा, मगच बसवावा.