मुरघासाची स्वयंभरण गाडी : अंतर, वेग आणि दाबणी

दुग्धव्यवसायातील चाऱ्याचा प्रश्न हा बव्हंशी काळाचा प्रश्न आहे. मध्य युरोपात गवत वाढते ते वर्षाच्या काही महिन्यांतच. गाईला मात्र ते बाराही महिने लागते. हिरवे गवत हवाबंद अवस्थेत आंबवून टिकविणे, म्हणजेच मुरघास करणे, हा त्यावरील एक रूढ उपाय होय. आपल्याकडे मुरघास म्हटला की उभा मका डोळ्यांपुढे येतो. प्रस्तुत विवेचन मात्र कापून थोडे सुकविलेल्या गवताच्या मुरघासापुरते मर्यादित आहे. असे गवत शेतातून उचलून साठवण-खड्ड्यापर्यंत नेणाऱ्या स्वयंभरण गाडीचे, म्हणजे लोडर वॅगनचे, कार्य आणि तिची मर्यादा येथे पाहावयाची आहे.

ह्या गाडीचा उगम दक्षिण जर्मनीतला. हायनिंगेन येथील अर्न्स्ट वाइखेल यांनी १९६० च्या सुमारास ती प्रचारात आणली. गालांत धान्य भरून नेणाऱ्या हॅम्स्टर ह्या प्राण्याचेच नाव तिला देण्यात आले, हे तिच्या कार्याचे यथार्थ वर्णन म्हणावयास हरकत नाही. तिच्यामुळे एकच माणूस एका ट्रॅक्टरवर बसून गवत उचलू, वाहू आणि उतरवू शकला. ऑस्ट्रियातील ग्रीसकिर्खेन येथील प्योटिंगर ह्या कारखान्यानेही त्याच दशकात अशा गाड्यांची निर्मिती सुरू केली.

आधुनिक गाडीची रचना समजण्यास कठीण नाही. पुढील बाजूचा काटेरी रूळ ओळीत पडलेले गवत उचलतो. त्यामागील दातेरी रोटर ते सुऱ्यांच्या रांगेतून रेटीत गाडीत भरतो. दगड आल्यास एखादी सुरी स्प्रिंगच्या योगाने मागे सरते व नुकसान टळते. गाडीचा तळ साखळ्यांवर सरकणारा असतो. भरताना तो माल मागे नेतो आणि उतरविताना मागील दारातून बाहेर काढतो.

कित्येक मोठ्या गाड्यांत सुऱ्यांमधील अंतर सुमारे ३५ मिलिमीटर असते. परंतु सुऱ्यांना समांतर आलेली काडी कापली जात नाही; त्यामुळे प्रत्यक्ष तुकडे ह्याहून लांब निघतात. स्वयंचलित कुट्टी यंत्र गवताचे तुकडे ह्याहून पुष्कळच बारीक करते. मात्र त्याच्या सोबतीला वाहतुकीच्या अनेक गाड्या आणि तितकेच चालक लागतात.

स्वयंभरण गाडीचे बळ आणि तिची दुर्बलता ह्या दोन्ही एकाच गोष्टीत आहेत : ती भरते तेव्हा वाहत नाही आणि वाहते तेव्हा भरत नाही. समजा, एका खेपेत १२ टन ओले गवत मावते, भरण्यास ८ मिनिटे आणि उतरविण्यास ४ मिनिटे लागतात, व सरासरी वेग ताशी ३० किलोमीटर आहे. शेत २ किलोमीटरांवर असल्यास जाण्यायेण्यास ८ मिनिटे लागून एक खेप २० मिनिटांत पुरी होते. म्हणजे तासाला ३६ टन. तेच शेत ६ किलोमीटरांवर असल्यास खेपेस ३६ मिनिटे लागतात आणि तासाचे काम २० टनांवर येते. अंतर वाढले की महागडे भरणयंत्र रस्त्यावर नुसतेच ओढले जाते. म्हणून जवळच्या शेतांसाठी स्वयंभरण गाडी आणि दूरच्यांसाठी कुट्टी यंत्र, असा सामान्य निर्णय केला जातो.

परंतु केवळ तासाच्या टनांवरून निर्णय करणे अपुरे ठरेल. मुरघासाचे बरेवाईट अखेर खड्ड्यात ठरते. गवत घट्ट दाबले म्हणजे त्यातील हवा निघून जाते, जिवाणू शर्करेपासून लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि सामू ४ च्या आसपास उतरून चारा टिकतो. हवा राहिल्यास श्वसनाने शर्करा जळते, चारा तापतो व आम्ल पुरेसे बनत नाही. अशा वेळी गवताबरोबर मातीही आलेली असल्यास क्लॉस्ट्रिडियम जिवाणू ब्युटिरिक आम्ल निर्माण करतात. त्यांचे बीजाणू शेणावाटे दुधात शिरून कठीण चीज फुगवितात. ज्या प्रदेशाची उपजीविका चीजवर चालते, तेथे हा दोष क्षुल्लक नव्हे.

दाबणीचा एक व्यावहारिक नियम असा की, तासाला जितके टन गवत येते त्याच्या चतुर्थांश टन वजनाचे दाबणीचे वाहन खड्ड्यावर सतत फिरले पाहिजे. ३६ टनांना ९ टन, म्हणजे एक जड ट्रॅक्टर, पुरतो. कुट्टी यंत्राने तासाला १२० टन आणल्यास ३० टन वजन हवे. ते नसेल तर यंत्राचा वेग हाच चाऱ्याचा शत्रू होतो. ह्या दृष्टीने स्वयंभरण गाडीची मंद गती लहान कुटुंबाच्या गोठ्याला उपकारकच आहे. मात्र तिचे लांब तुकडे दाबण्यास अवघड असतात. यास्तव थर सुमारे १५ सेंटिमीटरांहून जाड नसावा, गवत फार सुकू देऊ नये आणि सुऱ्यांना वेळोवेळी धार लावावी. धार बोथट झाली की तुकडे असमान पडतात व ट्रॅक्टरवरील भारही वाढतो. उचलरूळ जमिनीपासून योग्य उंचीवर ठेवल्यास मातीचा प्रवेशही रोखता येतो.

तात्पर्य, ह्या गाडीची निवड करताना प्रथम शेताचे अंतर, त्यानंतर खड्ड्यावरील दाबणीचे वजन आणि सर्वांत शेवटी गाडीचे आकारमान विचारात घ्यावे. २ किलोमीटरांवरील शेतासाठी दोन गाड्या जुंपल्या तर तासाला ७२ टन येतील, पण त्यांस १८ टनांची दाबणी लागेल. ती सोय नसता दुसरी गाडी घेणे म्हणजे पैसे देऊन चारा नासविणे होय.